पिसाचे फूल की नायलॉनचे?

श्रोते हो, संध्याकाळी शाळेच्या पटांगणात दोन खांब रोवून जाळी बांधलेली आहे आणि चार मुलं बॅडमिंटन खेळताहेत, हे दृश्य आता खेडेगावांतही नवे राहिलेले नाही. रॅकेट कुठली घ्यावी, तिची तार किती ताणावी, याची चर्चा मुलं तासन् तास करतात. पण या खेळाचा सगळा जीव ज्या इवल्याशा वस्तूत आहे, त्या फुलाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. कोणी त्याला शटल म्हणतात, कोणी कॉक म्हणतात; आपल्याकडे मुलांच्या तोंडी फूल हाच शब्द असतो. आपणही तोच वापरू.

शाळेचे व्यायामशिक्षक जिल्ह्याच्या गावी खेळाच्या सामानाच्या दुकानात जातात तेव्हा दुकानदार त्यांच्यापुढे दोन नळ्या ठेवतो. एकीत पांढऱ्याशुभ्र पिसांची बारा फुले, एकात एक बसवलेली. दुसरीत पिवळ्या नायलॉनची सहा. दुकानदार म्हणतो, "गुरुजी, खरा खेळ पिसाचाच." बरोबर आलेला सहशिक्षक म्हणतो, "पण टिकतं ते नायलॉनचं." दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. शाळेला खेळासाठी वर्षाकाठी मिळणारी रक्कम तर ठरलेली. चूक निवड झाली तर एक तर दिवाळीपर्यंतच फुले संपतात आणि मुलं रॅकेटी टांगून ठेवतात, नाही तर वर्षभर खेळलेला मुलगा तालुक्याच्या सामन्यात पहिल्याच डावात गोंधळून जातो. म्हणून ही निवड समजून-उमजून करायला हवी.

प्रथम हे फूल म्हणजे काय ते पाहू. खेळाच्या नियमांत त्याचे माप बारकाईने दिलेले आहे. पिसे सोळा, कमी नाहीत की जास्त नाहीत. प्रत्येक पिसाची लांबी ६२ ते ७० मिलिमीटर. पण एका फुलातील सगळी पिसे सारख्याच लांबीची हवीत. पिसांच्या टोकांनी जे वर्तुळ होते त्याचा व्यास ५८ ते ६८ मिलिमीटर. खालचे बूड २५ ते २८ मिलिमीटर रुंद आणि तळाशी गोल. सगळ्याचे मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे चहात घालायच्या लहान चमचाभर साखरेइतके. बूड बुचाच्या लाकडाचे असते आणि त्यावर पातळ कातडे चढवलेले असते. हे बूच कॉर्क ओक नावाच्या झाडाच्या सालीपासून मिळते. हे झाड भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडील प्रदेशात वाढते, आणि त्यात पोर्तुगाल हा देश आघाडीवर आहे.

आता या पाच ग्रॅमच्या वस्तूची करामत पाहा. चेंडू मारला तर तो कमानीसारखा जातो; चढताना जशी वाट, जवळपास तशीच उतरताना. फुलाचे तसे नाही. ते सुटते बंदुकीच्या गोळीसारखे, आणि पुढे जाता जाता त्याचा वेग असा काही मरतो की शेवटी ते जवळजवळ उभे खाली पडते. याचे कारण हवा. फूल हलके आहे आणि त्याचा घेर रुंद आहे, त्यामुळे हवा त्याला जबरदस्त अडवते. शिवाय हवेचा हा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. हिशेब केला तर असे दिसते की साधारण दर तीन-सव्वातीन मीटर अंतराला फुलाचा वेग निम्म्यावर येतो. ताशी २४० किलोमीटर वेगाने सुटलेले फूल तीन मीटरवर १२० वर येते, आणखी तेवढेच गेले की ६० वर. मैदानाची लांबी १३.४० मीटर असते. तेव्हा एका टोकाचा विजेसारखा फटका दुसऱ्या टोकाला पोचेतो बराच थंडावलेला असतो. म्हणूनच समोरच्याला तो परतवता येतो, आणि म्हणूनच हा खेळ खेळता येतो.

आपल्याच देशाचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये मारलेल्या फटक्याचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. जागतिक विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. पण हा वेग फूल रॅकेटवरून सुटतानाचा, हे ध्यानात ठेवा. तेच फूल गच्चीवरून नुसते खाली सोडले तर ते कितीही उंचावरून पडो, ताशी सुमारे २४ किलोमीटरपेक्षा जोरात पडू शकत नाही. उन्हाळ्यात रुईची म्हातारी हवेवर तरंगते ना, तिचेच हे जरा जड भावंड.

आणखी एक गंमत. फूल नेहमी बुडाच्या बाजूने पुढे जाते. रॅकेटचा फटका बुडावर बसतो, त्या क्षणी बूड मागे असते आणि पिसे पुढे. पण डोळ्याचे पाते लवायच्या आत ते उलटते आणि बूड पुढे करून चालू लागते. जडपणा बुडात आणि हवेची अडवणूक पिसांत, यामुळे हे घडते. बाणाच्या शेपटाला पिसे लावतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. वर्गात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना गुरुत्वमध्य आणि हवेचा रोध हे दोन्ही धडे एका जुन्या फुलावर शिकवता येतील.

आता पिसाच्या फुलाकडे वळू. पिसे असतात बदकाची किंवा गूज या पक्ष्याची. गूज म्हणजे बदकाच्याच कुळातला, पण मोठा आणि लांब मानेचा पक्षी. गूजचे पीस अधिक चिवट, म्हणून वरच्या प्रतीची फुले त्याची करतात. साधी फुले बदकाच्या पिसांची. पिसे पंखांतली लागतात, अंगावरची मऊ पिसे चालत नाहीत. त्यातही एका फुलात सोळाची सोळा पिसे एकाच बाजूच्या पंखाची हवीत. कारण डाव्या पंखाच्या पिसाचा वळसा एका दिशेचा, उजव्याचा दुसऱ्या. दोन्ही मिसळली तर फूल धड फिरणार नाही, डगमगत जाईल. एका पक्ष्याकडून फुलाला चालतील अशी पिसे मोजकीच मिळतात. तेव्हा एक फूल तयार व्हायला एकाहून अधिक पक्ष्यांची पिसे लागतात, हे उघड आहे.

आपल्या देशात पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात उलुबेरिया नावाचे गाव आहे. त्या परिसरात फुले करण्याचा धंदा घरोघर चालत आलेला आहे. पिसे धुवायची, वाळवायची, आकारावारी निवडायची, कातरायची. बुडाला सोळा भोके पाडायची, एकेक पीस नेमक्या तिरकस बैठकीत रोवायचे, दोऱ्याचे वेढे देऊन बांधायचे, वर सरस लावायचा. एक जण सगळे करीत नाही. कोणी फक्त निवडतो, कोणी फक्त बांधतो, आणि फूल हातोहात पुढे सरकते. आपल्याकडच्या विडी वळण्याच्या किंवा टोपल्या विणण्याच्या धंद्यासारखेच हे कसबाचे काम. म्हणून पिसाच्या फुलाची किंमत ऐकून आपण दचकतो, पण त्यात किती हातांचा घाम आहे तेही समजून घ्यावे.

हे सारे कष्ट कशासाठी? कारण पीस ही निसर्गाने केलेली फार अजब वस्तू आहे. आपली नखे आणि केस ज्या द्रव्याचे, त्याच केराटिन नावाच्या द्रव्याचे पीस असते. मधला दांडा पोकळ, हलका, पण वाकवला तर झटकन सरळ होणारा. जोराचा फटका बसला की पिसांचा घेर क्षणभर दबतो आणि लगेच पूर्ववत् फुलतो. घेर फुलला की हवा अडवते आणि वेग मरतो. फटका मारताना टणत्कार झाल्यासारखा आवाज येतो आणि हाताला अचूक कळते की फूल कसे बसले. जाळीजवळ हलकेच टाकलेले फूल जाळी ओलांडून सरळ खाली उतरते. कसलेल्या खेळाडूंचे निम्मे कसब या उतरण्यावरच चालते.

पण पिसाचा दोषही पिसातच आहे. ते मोडते. फटका बुडावर न बसता पिसांवर बसला, रॅकेटच्या कडेला फूल लागले, की पीस चिरते. एक पीस तुटले की फूल लंगडे झाले. नवशिक्या मुलाचे दहांतले चार फटके असेच बसायचे. मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर फुले डझनावारी लागतात. पीस जरासे विस्कटले की खेळाडू पंचांकडे नवे फूल मागतो. शिवाय पीस वाळले की ठिसूळ होते. आपल्या देशावरच्या कोरड्या हवेत हा त्रास अधिक.

नायलॉनचे फूल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पुढे आले. नायलॉन हा धागा १९३५ मध्ये अमेरिकेत शोधला गेला. त्याच जातीच्या द्रव्याचा साच्यातून काढलेला एकसंध घेर, जाळीदार झग्यासारखा, बुडावर बसवतात. स्वस्त फुलांचे बूड फोमचे किंवा प्लॅस्टिकचे असते, चांगल्या फुलांचे बुचाचे. घेताना ही गोष्ट जरूर पाहावी. दोन्ही फुले वरून पिवळीच दिसतात, पण प्लॅस्टिकच्या बुडाचे फूल रॅकेटवर दगडासारखे लागते आणि मुलांच्या हाताला खोटी सवय लावते.

नायलॉनचे फूल नियमबाह्य आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. नियम सांगतो की फूल नैसर्गिक द्रव्याचे असो, कृत्रिम द्रव्याचे असो, की दोहोंचे मिळून असो. मात्र त्याची चाल पातळ कातडे चढवलेल्या बुचाच्या बुडाच्या आणि खऱ्या पिसांच्या फुलासारखी हवी. कृत्रिम फुलाच्या माप-वजनात दहा टक्क्यांपर्यंतचा फरकही नियमाला मान्य आहे. म्हणजे कसोटी चालीची आहे, जातीची नाही.

मग चालीत फरक पडतो का? पडतो. नायलॉनचा घेर जोराच्या फटक्याने दबतो तो पिसासारखा लगेच फुलत नाही. दबलेला घेर अरुंद. अरुंद घेराला हवा कमी अडवते. म्हणून जोरात मारलेले नायलॉनचे फूल आपला वेग अधिक काळ टिकवते आणि लांब जाते. हळू खेळात हा फरक फारसा जाणवत नाही, जोराच्या खेळात चांगलाच जाणवतो. शेवटी उतरतानाही पिसाचे फूल जसे उभे पडते, तसे नायलॉनचे पडत नाही. ते तिरकस, पुढे सरकत येते.

घेराच्या बुडाकडच्या भागात ज्या फटी असतात त्यांचीही येथे मोठी कामगिरी आहे. आपल्याला वाटेल, फटी बुजवल्या तर हवा अधिक अडेल. पण हवेच्या बोगद्यातील प्रयोगांत उलटेच दिसले. फटी बुजवल्या की अडथळा कमी झाला. फटींतून आत शिरणारी हवा घेराच्या पोटात खळबळ करते आणि तीच फुलाला मागे ओढते. म्हणून नायलॉनच्या फुलाची जाळी कुठे दाट आणि कुठे विरळ ठेवायची, याला कारखानदार एवढे महत्त्व देतात.

आता पुन्हा त्या तालुक्याच्या सामन्यात गोंधळलेल्या मुलाकडे येऊ. वर्षभर तो नायलॉनच्या फुलावर खेळला. फूल आपल्यापर्यंत येणार, याची त्याच्या पायांना सवय झाली आहे. सामन्यात पिसाचे फूल आले. ते त्याच्या अंदाजापेक्षा आधीच थांबले आणि दोन पावले पुढे उभे पडले. तो धावला, पण उशीर झाला होता. मुलगा आळशी नाही, की त्याला खेळ येत नाही असेही नाही. त्याच्या डोळ्यांनी आणि पायांनी वेगळ्या फुलाचा हिशेब पाठ केलेला आहे. शहरातल्या क्लबात पिसाच्या फुलावर खेळणारा मुलगा आणि हा मुलगा, यांच्यात अंगच्या गुणापेक्षा या सवयीचाच फरक अधिक असतो. तो भरून काढणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही.

पैशाचा हिशेब कसा करावा तेही सांगतो. नळीची किंमत पाहू नका. एका तासाच्या खेळाला किती खर्च येतो ते पाहा. समजा, पिसाचे एक फूल शंभर रुपयांना पडले आणि नवशिक्या मुलांच्या हाती ते एक तास टिकले. म्हणजे तासाला शंभर रुपये. समजा, नायलॉनचे चांगले फूल दीडशे रुपयांना पडले आणि दहा तास टिकले. म्हणजे तासाला पंधरा रुपये. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. तुमच्या दुकानातले भाव आणि तुमच्या मुलांचे हात वेगळे असतील. म्हणून शाळेत एक वही ठेवा. कुठले फूल कधी काढले, किती वेळ चालले, का टाकावे लागले, एवढेच त्यात लिहायचे. हे काम मुलांकडेच द्यावे. सहा महिन्यांत तुमच्या शाळेचा खरा हिशेब तुमच्या हाती येईल, आणि सरासरी व गुणोत्तराचे गणितही आपोआप शिकवून होईल.

फूल घेताना आणखी एक गोष्ट विचारायची ती वेगाची. पिसाच्या फुलांच्या नळीवर पुष्कळदा ७५, ७६, ७७, ७८ असा आकडा असतो. तो ग्रेन या जुन्या इंग्रजी मापातला वजनाचा आकडा. ७७ ग्रेन म्हणजे जवळजवळ पाच ग्रॅम. आकडा मोठा तितके फूल जड आणि तितके जलद. काही कंपन्या १ ते ५ असे आकडे घालतात. नायलॉनच्या फुलांना बुडाशी रंगीत पट्टी असते. हिरवी म्हणजे मंद, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जलद.

हे वेगवेगळे वेग कशाला? कारण हवा सगळीकडे आणि सदा सारखी दाट नसते. ऊन तापले की हवा विरळ होते. दहा अंश सेल्सियसच्या थंडीतली हवा आणि चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातली हवा यांच्या दाटपणात सुमारे दहाव्या हिश्शाचा फरक असतो. उंचीवरही तसेच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. तेथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ. विरळ हवा फुलाला कमी अडवते, म्हणून मुंबईत नेमके पडणारे फूल महाबळेश्वरी रेषेबाहेर जाईल. तेव्हा उन्हाळ्यात आणि डोंगरावर मंद फूल घ्यावे, थंडीत जलद. आपल्या देशावर बहुतेक महिने निळ्या पट्टीचे चालते. मे महिन्यात हिरव्या पट्टीचे बरे.

फूल योग्य वेगाचे आहे का, हे तपासण्याची नियमांत सांगितलेली रीत सोपी आहे. टोकाच्या रेषेवर उभे राहा. खालून पूर्ण जोराचा फटका, वरच्या दिशेने आणि बाजूच्या रेषेला समांतर असा मारा. योग्य वेगाचे फूल समोरच्या टोकाच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे अर्ध्या ते एक मीटरच्या दरम्यान पडते. मात्र हा फटका मोठ्या, सरावाच्या माणसाने मारायला हवा. लहान मुलाच्या फटक्यावरून फुलाची परीक्षा करू नये. उघड्यावर असाल तर दोन्ही टोकांकडून मारून पाहा, म्हणजे वाऱ्याचा परिणाम ध्यानात येईल. काही जण पिसांची टोके बाहेर मुडपून फूल मंद करतात, आत मुडपून जलद करतात. सरावात हे ठीक. सामन्यात खेळाडूने परस्पर फुलाची चाल बदलणे हा गैरप्रकार धरला जातो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

पिसाचे फूल टिकवण्याचे दोन उपाय घरगुती आहेत. पिसाला ओलावा मानवतो. खेळायच्या आदल्या दिवशी नळीची दोन्ही झाकणे काढून ती उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही सेकंद धरावी. वाफ पिसांना लागू द्यावी, बूड भिजू देऊ नये. मग झाकणे लावून नळी रात्रभर तशीच ठेवावी. पीस मऊ पडते आणि लवकर चिरत नाही. दुसरे असे की नळी उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, आणि फूल नळीतून काढताना पिसे ओढू नयेत, बुडाच्या बाजूने काढावे. नायलॉनला वाफ देण्याची गरज नाही, पण त्याचा घेर दाबला गेला की तसाच राहतो. म्हणून तेही खिशात कोंबू नये, नळीतच ठेवावे. कडक थंडीत नायलॉन ठिसूळ होते, एवढे लक्षात असू द्यावे.

आता जरा वाऱ्याविषयी. बॅडमिंटनचा खरा खेळ बंद जागेतला. आपल्याकडे तशी जागा फार थोड्या गावांत असते. वारा सुटला की पिसाचे काय आणि नायलॉनचे काय, दोन्ही फुले वाऱ्याबरोबर जातात. अशा ठिकाणी पिसाचे फूल काढणे म्हणजे पैसे वाऱ्यावर उडवणेच. नायलॉनचेच वापरा, आणि शक्य तर सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, शाळेच्या इमारतीच्या आडोशाला जाळी बांधा. वारा फारच असेल तर बॉल बॅडमिंटन हा आपलाच एक जुना खेळ आहे. त्यात फुलाऐवजी लोकरीचा पिवळा चेंडू असतो आणि एका बाजूला पाच-पाच गडीही खेळतात. हा खेळ तंजावरच्या राजघराण्यात १८५६ च्या सुमारास खेळला जाई, असे सांगतात. आणि तंजावरचे ते राजघराणे भोसल्यांचे, म्हणजे मराठीच. फुलाच्या खेळाचेही पुण्याशी जुने नाते आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करात इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, तेव्हा त्याला 'पूना' हेच नाव पडले होते. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडातील एका सरदाराच्या वाड्यावरून पुढे रूढ झाले. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरची स्पर्धा जिंकली, तो परदेशात भारतीयाने मिळवलेला या खेळातील पहिला विजय. असा हा खेळ आपल्या मातीला परका नाही.

पिसाच्या फुलाचे भवितव्य काय, हाही प्रश्न आता जगापुढे आला आहे. ही पिसे मुख्यतः चीनमध्ये मांसासाठी पाळलेल्या बदकांची व गूजची. तेथे हे पक्षी पाळण्याचे प्रमाण घटले की फुलांना पिसे मिळत नाहीत. २०२५ मध्ये तसेच झाले. भारतासह अनेक देशांत पिसाच्या फुलांचा तुटवडा पडला, भाव चढले, आणि मोठमोठ्या प्रशिक्षण केंद्रांनाही सराव जपून करावा लागला. चीनमधला शेतकरी काय पाळतो, त्यावर आपल्या तालुक्यातला मुलगा किती सराव करतो हे ठरावे, असे हे जग जवळ आले आहे.

यावर उपाय म्हणून तिसऱ्या प्रकारचे फूल पुढे येत आहे. यात नायलॉनचा एकसंध झगा नसतो. सोळा कृत्रिम पिसे वेगवेगळी करून बुचाच्या बुडात रोवलेली असतात. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ मध्ये तीन स्पर्धांत अशा फुलांची चाचणी घेतली आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती वापरण्यास मान्यता दिली. त्यांच्या वापराने फुलांचा खप चौथ्या हिश्शापर्यंत कमी होऊ शकतो, असे महासंघाने त्या वेळी सांगितले. तरीही वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा हात अजून खऱ्या पिसालाच सरावलेला आहे. शिवाय पीस मातीत कुजते, नायलॉन कुजत नाही, हीही बाजू आहे. म्हणून मोडलेली नायलॉनची फुले मैदानात फेकू देऊ नका. एका डब्यात जमवा. घेर वाकलेले फूल सामन्याला निरुपयोगी, पण लहान मुलांना सर्व्हिस शिकवायला आणि नेम धरून फेकायला ते अजून महिनाभर चालते.

तर श्रोते हो, निवड अशी करावी. पहिली दोन-तीन वर्षे शिकणाऱ्या मुलांना बुचाच्या बुडाचे नायलॉनचे फूल द्यावे. रॅकेट कशी धरावी, फटका बुडावर कसा बसवावा, पाय कसे टाकावेत, हे सगळे त्यावर उत्तम शिकता येते. फटका नेमका बसू लागला म्हणजे त्या मुलांना आठवड्यातून एक दिवस पिसाचे फूल द्यावे. जुने, एखादे पीस विस्कटलेले असले तरी चालेल. सामन्याला नाव देतानाच संयोजकांना विचारावे, फूल कुठले वापरणार आणि कुठल्या वेगाचे. ते पिसाचे असेल तर सामन्याआधीचे निदान दोन आठवडे मुलांना त्याच फुलावर खेळवावे, मग वर्षभराची पिसाची नळी त्या दोन आठवड्यांत संपली तरी चालेल. वर्षाच्या खरेदीत नायलॉनच्या तीन-चार नळ्या आणि पिसाची एक, असे प्रमाण बहुतेक शाळांना परवडेल.

आणि ज्या शाळेला पिसाची एक नळीही परवडत नाही, तिने शेजारच्या दोन शाळांशी बोलावे. तीन शाळांनी मिळून एक नळी घेतली, महिन्यातून एकदा तिन्ही शाळांची मुलं एका पटांगणावर जमली आणि त्या फुलावर खेळली, तर खर्च वाटला जाईल आणि मुलांना नवे गडीही मिळतील. फूल कुठलेही असो, ते नळीत बंद राहण्यापेक्षा मुलांच्या रॅकेटवर असलेले बरे.